खाऱ्या पाण्याचा उन्हाळा

एप्रिल अर्धा सरला की आमच्या कॉलनीतल्या गच्च्यांवर माणसं दिसायला लागतात. तो पाण्याचा दिवस असतो. टाकीचं झाकण बाजूला करून आत डोकावणारी माणसं, एकाच वेळी सुरू झालेल्या मोटारींची घरघर, आणि ज्यांच्याकडे अजून थेंब आलेला नाही त्यांची खालून वर मारलेली हाक, "आलं का हो तुमच्याकडं?" शहराचं नाव बदललं, उड्डाणपूल झाले, पण उन्हाळ्यात पाण्याचा वार अजून पुढं पुढं सरकत जातो. याही वर्षी सरकला. काल कूलरला नवा वाळा बसवून घेतला. पहिलं पाणी सुटल्यावर जो ओला, मातकट वास आला, त्या वासाबरोबर तो एक उन्हाळा परत घरात शिरला.

मला ऋतू आवडत नाहीत आणि नावडतही नाहीत. त्यांची तयारी करावी लागते, एवढंच. एप्रिलमध्ये कूलर, माठ, पंप सर्व्हिसिंग. मे महिन्यात डाळी, तिखट, हळद. जूनला गच्चीचे पाइप. कंपनीत मी स्टोअर्स सांभाळते, घरातही तेच करते. त्या उन्हाळ्याची तयारी मात्र मी केली नव्हती.

ज्या शहरात आंघोळीच्या पाण्यानं फरशी पुसतात आणि फरशीच्या पाण्यावर जास्वंद जगवतात, त्या शहरात, त्या वर्षी, आमच्या बैठकीत समुद्र होता. चार फूट लांब. निळा दिवा लावलेला. त्यात एकही मासा नव्हता.

टाकी अविनाशची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. तो वाळूजला एका कारखान्यात मेंटेनन्स बघायचा. पंप, पाइप, व्हॉल्व्ह यांच्यात रमणारा माणूस. समुद्र त्यानं मोजक्या वेळा पाहिला होता, पण एकदा मुंबईत एका दवाखान्यात बाकड्यावर बसून असताना भिंतीतली प्रवाळाची टाकी त्याला दिसली, आणि आमचं नाव पुकारलं गेलं तरी तो उठेना. मूल होण्यासाठीच्या उपचारांचा तो दवाखाना होता. मूल झालं नाही. टाकी डोक्यात राहिली. पुढं कितीतरी वर्षांनी एका थंडीत त्यानं लोखंडी अँगल आणून स्टँड वेल्ड केला, काच बसवली, फिल्टरच्या पाण्यात विकतचं समुद्री मीठ कालवलं आणि खडकासारखे दगड रचले. जिवंत दगड म्हणतात त्यांना. त्यांच्या छिद्राछिद्रांत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात.

"लगेच मासे नाही सोडायचे," तो म्हणाला होता. "माशांची घाण पचवणारे जीवाणू आधी वाढले पाहिजेत. विरजण लागायला ठेवतो ना आपण, तसंच. लागेपर्यंत हलवायचं नाही."

गुढीपाडव्याच्या थोडं आधी, कामावर, खुर्चीत बसल्या बसल्या तो गेला. हृदय बंद पडलं. विरजण लागायचं होतं.

तेराव्याला घर भरलं होतं. सतरंज्या अशा टाकल्या होत्या की सगळ्यांची तोंडं टाकीकडे. पंप चालू होते, पाणी हलत होतं, दिवा जळत होता. फुलंब्रीकडचे एक म्हातारे मामा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यात मासे कुठायत?"

"अजून नाहीत, मामा."

"मंग बघायचं काय?"

तरी पण सगळे बघत राहिले. दुसरीकडं बघण्यासारखं तिथं काही नव्हतं.

त्या दिवसांत मला काही वाटत नव्हतं. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. भिंतीवरचा थर्मामीटर वाचून दाखवावा तसं लिहिते. मी झोपत होते, उठत होते, अविनाशच्या कंपनीचे कागद लावत होते. जिभेला मीठ-तिखट कळत होतं, पण त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. लोक रडायचे तेव्हा मी त्यांना पाणी आणून द्यायचे. कमी पडणार नाही एवढे तांबे मी सकाळीच भरून ठेवत होते.

तेराव्याच्या संध्याकाळी मोठे भाऊजी, अविनाशचे थोरले भाऊ, ओसरीत आईंच्या शेजारी बसले. आई म्हणजे माझ्या सासूबाई. भाऊजींची शेती फुलंब्रीजवळ. त्यांनी आवाज खाली केला होता, पण मला ऐकू यावं इतकाच खाली.

"आई, पेरन्या झाल्या की जीप घेऊन येतो. चल तिकडं. आता इथं कुनाकडं बघून राहशील?"

आई म्हणाल्या, "बघू."

भाऊजींचं चुकत नव्हतं. धाकटा गेला तर आईनं थोरल्याकडं जायचं, हीच रीत. सून नोकरीची, दिवसभर बाहेर. आणि आम्हा दोघींचं कधी फारसं जमलेलंही नव्हतं. भांडण नव्हतं, पण एका ओट्याशी आम्ही दोघी एका वेळी उभ्या राहत नव्हतो. त्यांना वरणाला हिंग लागायचा, मला नाही. त्यांना घरात अंडं चालत नसे. मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये खाऊन यायचे आणि ते त्यांना ठाऊक होतं. आमच्या मधे अविनाश होता म्हणून आमचं चालायचं. आता मधे कुणी नव्हतं. आई गेल्या असत्या तर घरात मी आणि ती भरलेली टाकी उरलो असतो. त्या जाऊ नयेत असं मला वाटत होतं, असं म्हणण्याइतकंही काही वाटत नव्हतं. फक्त भाऊजींनी "पेरण्या" म्हटल्यावर मी मनातल्या मनात आठवडे मोजायला लागले आणि ते मला फार थोडे वाटले.

'राहा' म्हणता आलं नसतं. सून सासूला 'राहा' म्हणते तेव्हा ऐकणारे 'कामाला राहा' असं ऐकतात.

उन्हाळा चढला. बेचाळीसच्या उन्हात टाकीतलं पाणी उडून जाई. त्यावर पंखे लावले होते, त्यानं पाणी थंड राही पण आणखी भराभर उडे. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागं राहतं. म्हणून रोज उडालं तेवढं गोडं पाणीच वरून घालायचं, मिठाचं नाही. मीठ कुठं जात नसतं. हे मला अविनाशनं एकदाच सांगितलं होतं, आणि मी रोज सकाळी त्याप्रमाणे तांब्यानं पाणी ओतत होते. आई बघत.

"तुळशीला पानी न्हाय अन् ही दगडं पाजती."

"दगड जिवंत आहेत, आई."

"मंग त्येंना इचार, पान्याचा वार कधी हाय."

टाकी विकावी असं जवळजवळ सगळ्यांचं म्हणणं पडलं. कुणी म्हणालं, वर्षश्राद्ध होईस्तोवर घरात नवीन काही आणत नसतात, त्यामुळे मासे तर नकोच. आणि टाकी तशीच ठेवायची तर त्या न दिसणाऱ्या जीवाणूंनाही खायला लागतं. नाहीतर तेही उपाशी मरतात. मी चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या पाण्यात टाकत होते. कुणासाठी टाकते असं विचारलं तर सांगता आलं नसतं.

निकाल आईंनी दिला. त्या आमच्या भावकीत लग्नं जमवण्यासाठी प्रसिद्ध. त्यांनी जमवलेल्या जोड्या फुलंब्रीपासून वैजापूरपर्यंत पसरल्यात, आणि त्यातली एकही मोडलेली नाही असं त्या सांगत. मोडायला आलेल्या दोन त्यांनी स्वतः जाऊन सांधल्या होत्या, ते त्या सांगत नसत. एका दुपारी, विकायचा विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, "घरात कुनी गेलं तर लगीन वर्षाच्या आत उरकायचं, न्हायतर तीन वर्सं थांबायचं. अशी रीत हाय. टाकी त्यानं भरली. आता ठरल्यालं लगीन हाय ते. वर्षाच्या आत उरका."

"पण आई, मासे निवडायचे कसे? मला त्यातलं..."

"स्थळ बघताव तसं. त्यात काय."

शहागंजच्या पुढं एका गल्लीत नईमभाईंचं दुकान होतं. अविनाशला मीठ, पंप, दगड सगळं त्यांनीच आणून दिलेलं. खाऱ्या पाण्याचे मासे मुंबईहून थर्माकोलच्या डब्यातून येत. थोडे दुकानातल्या काचांत असत, बाकीचे ऑर्डर दिली की मग. आईंना घेऊन मी रिक्षानं गेले. नईमभाईंनी अविनाशचं ऐकलं होतं. त्यांनी आधी दोन्ही हात छातीशी धरले, मग आईंना स्टूल दिलं, आणि मग, दुकानदार असल्यामुळं, सगळ्यात देखणा मासा पुढं केला. निळा-पिवळा, ताटलीएवढा.

"अम्मा, ये देखो. राजा है."

"खातो काय?"

"सब खाता."

"राहतो कसा? कुनाशी भांडतो का?"

"थोडा... अपनी बिरादरी वालों से." नईमभाईंनी मान तिरकी केली. "और इसकू जगा लगती, अम्मा. बडी टाकी."

"मंग आमच्या चार फुटात कशाला आनतो? मोठ्या घरचं स्थळ सांगू नको."

नईमभाई हसले. पुढचा मासा दाखवला. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, पिसासारखे पर असलेला. आईंनी नुसतं त्याच्या तोंडाकडं बघितलं. "हा दुसऱ्याला खाईल."

"हौ अम्मा, खाता. छोटे को खा जाता. आपकू कैसे मालूम?"

"असं तोंड आमच्या एका जावयाचं हाय."

मी हसले नाही, पण माझ्या लक्षात आलं की हसायची जागा कुठं होती. बरेच दिवसांत तेवढंही आलं नव्हतं.

मी वहीत टिपून नेलेले मुद्दे वाचले. लहान असावा. मिळेल ते खाणारा असावा. भांडखोर नसावा. उडी मारून बाहेर पडणारा असेल तर जाळीचं झाकण लागेल. पुढं प्रवाळ लावलंच तर ते कुरतडणारा नको. नव्या टाकीत टिकणारा असावा. शेवटी मी म्हणाले, "नईमभाई, एक गोष्ट. या उन्हाळ्यात माझ्या घरात आणखी काही मरता कामा नये."

त्यांनी हातातली जाळी खाली ठेवली. मग म्हणाले, "भाभी, जिंदगी का वो मैं क्या बोलूं. लेकिन अच्छी चीज देता."

मग एका छोट्या काचेत मला तो दिसला. बोटाएवढा, निळा, त्यावर नारिंगी आणि हिरव्या वेलबुट्ट्या. पैठणीच्या पदरावर काढावी तशी नक्षी. अविनाशनं मोबाइलच्या पडद्यावर हाच लावलेला होता. त्याचा फोन अजून माझ्याकडं चार्ज होत असे. हाच मासा पुन्हा पुन्हा दाखवून तो म्हणायचा, टाकी झाली की पहिला हा.

"हा कसा आहे?" मी विचारलं.

"ये नक्को, भाभी. ये दगडावरचे बारीक जिंदा कीडे खाता, दुसरा कुछ नै. आपकी टाकी नई है, उसमें उतने कीडेच नै. आठ-पंधरा दिन में सब खा जाता, फिर भूका मरता. चुपचाप. मालूम भी नै पडता."

मी वहीत त्याचं नाव लिहिलं आणि पुढं 'नाही' लिहिलं. अविनाशला हवा होता तो मासा मी आणला नाही. त्याबद्दल तेव्हा काही वाटलं नाही, आता थोडं वाटतं. पण आजही कुणी विचारलं तर 'नाही'च लिहीन. परवा कंपनीतल्या अकाउंट्सच्या बाईंनी खरंच विचारलं. त्यांच्याकडं अशी टाकी बसवायचं चाललंय. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की योग्य मासा म्हणून काही नसतो. ही टाकी, हे पाणी, या आधीच राहणाऱ्या चारजणांत हा पाचवा, असंच सगळं असतं. सुंदर असणं ही सगळ्यात शेवटची गोष्ट. त्या बाईंचं तोंड उतरलं. त्यांना रंग विचारायचे होते.

त्या दिवशी आम्ही दोन स्थळं पक्की केली. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली क्लाऊन माशांची जोडी, कारण ती सोशिक असते. आणि एक पिवळा मासा, जो वाळूत एका कोळंबीबरोबर राहतो. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही. ती बीळ खणते आणि आपली लांब मिशी माशाच्या अंगाला टेकवून ठेवते. मासा दाराशी बसून पहारा करतो. धोका दिसला की शेपूट हलवतो आणि दोघं आत.

"कोन कुनाच्या घरात राहतं मंग?" आईंनी विचारलं.

"घर कोळंबी का है अम्मा. मछली किराएदार."

"भाडं?"

"आँख."

आई जरा वेळ त्या पिवळ्याकडं बघत राहिल्या. "हे घ्या," म्हणाल्या. रिक्षात बसल्यावर त्यांना आठवलं, "कोळंबी म्हंजी झिंगाच की गं? आपल्या बैठकीत?" पण तोवर रिक्षा क्रांती चौकाशी आली होती.

मासे यायच्या आधी टाकीची वाळू साफ करावी म्हणून मी नळीनं तळ ओढायला घेतला, तेव्हा दगडाच्या मागं काहीतरी हिरवं लागलं. बाहेर काढलं. जुना, निजामाच्या काळातला तांब्याचा पैसा. खाऱ्या पाण्यात राहून कडेनं कळकलेल्या भांड्यासारखा हिरवागार झालेला.

तो पैसा मला माहीत होता. आई लहान असताना रझाकारांच्या धामधुमीत त्यांच्या घरच्यांनी गाव सोडलं, तेव्हा त्यांच्या वडिलांनी लेकरांच्या कपड्यांत थोडे थोडे पैसे शिवून दिले होते. पोलीस ॲक्शन झाली, सगळे परत आले, ती नाणी पुढं चालेनाशी झाली. आईंच्या परकराच्या नेफ्यातला एक राहून गेला. आयुष्यभर तो त्यांच्या चंचीत असे. मला त्यांनी एकदाच दाखवला होता, माझ्या लग्नानंतर, आणि लगेच परत ठेवला होता.

मी नईमभाईंना फोन केला. पलीकडून आधी फक्त "तौबा" ऐकू आलं. तांबं खाऱ्या पाण्यात विरघळतं आणि कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांना ते विष आहे. बहुतेक सगळं पाणी बदलायचं, तांबं शोषून घेणारी पुडी घालायची, मग पाणी तपासायचं, परत तपासायचं. तोवर काही सोडायचं नाही.

पैसा तळहातावर घेऊन मी आईंच्या खोलीत गेले. त्या पलंगावर बसून गव्हातले खडे काढत होत्या.

"आई, हा टाकीत होता."

त्यांनी मान वर केली नाही. "म्याच टाकला."

"कशासाठी?"

"गोदावरीत टाकतेत तसा. समदे बाप्ये त्याच्या अस्थी घिऊन पैठनला गेले. मला कुठं नेलं? बायामान्सं नकोत म्हनले. पूल आला की गाडीतून रुपाया टाकत्यात लोकं, कोन कुठले. अन् म्या माझ्या लेकाला काय टाकलं?" खडे निवडणारी बोटं थांबली नव्हती. "ते बी त्यानंच भरल्यालं पानी हाय. म्हनलं, हितं टाकावा."

मी उभी होते. काहीतरी बोलायला हवं होतं. सुचलं ते बोलले. "तांब्यानं कोळंबी मरते, आई."

"मला काय ठाव!" आता त्यांनी वर बघितलं. "मेली का?"

"अजून आलीच नाही."

"मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडावर धरून रडल्या. तेराव्यालाही त्या रडल्या नव्हत्या. मी त्यांच्याजवळ बसले. पाणी आणायला उठावंसं वाटलं, पण उठले नाही. गव्हाचं ताट घेऊन राहिलेले खडे काढत बसले. एवढंच मला जमलं.

टंचाईच्या ऐन दिवसांत पाणी बदलायचं म्हणजे काय, ते या शहरातल्या माणसाला सांगायला नको. घरचं फिल्टर दिवसरात्र चालवून मी पाणी मोठ्या ड्रममध्ये साठवलं, त्यात मीठ कालवलं, ड्रम मागच्या अंगणात ठेवला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शिंदेकाकू हंडा घेऊन आल्या. त्यांच्याकडं पाहुणे होते आणि टँकर आला नव्हता. मी कंपनीत. आईंनी शेजारधर्म म्हणून ड्रममधला हंडा भरून दिला. संध्याकाळी काकू कुंपणापाशी उभ्या.

"वंदनाताई, तुमचं पाणी खूप चांगलं आहे हो. फक्त वरणात मीठ घालायच्या आधी सांगायला पाहिजे होतं."

आईंनी कपाळावर हात मारला. "अगं बया, ते माशाचं पानी!" मग काकूच आधी हसल्या. पाहुण्यांनी समुद्राचं वरण खाल्लं, असं त्या महिनाभर कॉलनीत सांगत होत्या.

पाण्याची तपासणी शेवटी स्वच्छ आली. आधी दोन गोगलगायी सोडल्या, त्या चालत राहिल्या. मग जोडी आली. पिशवी टाकीत तरंगत ठेवायची, थोडं थोडं पाणी मिसळायचं, घाई करायची नाही. आई खुर्ची ओढून बसल्या होत्या. पिशवी उघडल्यावर दोघं कोपऱ्यात जाऊन एकमेकांना चिकटले.

"लाजल्यात," आई म्हणाल्या. त्यांनी त्यांचं नाव पट्टेवाले ठेवलं, आणि दुपारभर पट्टेवाल्यांवर नजर ठेवली. दोन आठवड्यांनी पिवळा आणि त्याची घरमालकीण आली. ती रात्रंदिवस वाळू उपसत राहिली. "बांधकाम चालू हाय," आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

खाण्याचा प्रश्न राहिला. गोठवलेल्या बारीक कोळंब्यांच्या वड्या, चॉकलेटसारख्या. मी त्या एका डब्यात, डबा पिशवीत, पिशवी दुसऱ्या डब्यात, असं बर्फाच्या कप्प्यात ठेवत असे. आई त्या दिवसापासून दह्याचं भांडं फ्रिजमधून काढून जाळीच्या कपाटात ठेवायला लागल्या.

मृग लागला. भाऊजींचा फोन आला. तिकडं चांगली ओल झाली होती, सरकी टोकायला घेतली होती. आईंनी आपली पिशवी काढून ठेवली. दोन नऊवार, चंची, औषधं. दाराच्या मागं ती पिशवी उभी असे आणि मी येताजाता तिला वळसा घालत असे.

माझ्या वहीप्रमाणे टाकीत आणखी एका माशाला जागा होती. कुठला घ्यायचा तेही ठरलं होतं: एक छोटा, जांभळा-पिवळा, एकदा खाल्लं की दिवसभर दगडात गप्प राहणारा. नोकरी करणाऱ्या माणसाला योग्य. नईमभाईंकडं एकटीच गेले. त्यांच्याकडं तो होता. त्याच्या बाजूच्या काचेत एक नारिंगी मासा होता, झेंडूच्या पाकळीसारखा, सतत फिरणारा.

"हा?"

"अँथियस. अच्छी है, पर आपकू नै जमती भाभी. पेट छोटा, दौड ज्यादा. दिन में तीन बार खाना लगता. सुबू, दुपारी, शाम. एक टाइम छूटा तो सूखती. आप तो नौकरी वाले."

"दुपारी घरात माणूस असतं," मी म्हणाले.

"कौन?"

मी वहीतल्या सगळ्या मुद्द्यांकडं एकदा बघितलं. तो मासा त्यातल्या निम्म्यांत बसत नव्हता. "हाच द्या," म्हणाले.

घरी आल्यावर पिशवी तरंगत ठेवली. आई आल्या.

"हा कसा हाय?"

"स्वभावानं बरा आहे. फक्त तीनदा खातो. दुपारी पण लागतं."

त्या माशाकडं बघत नव्हत्या. माझ्याकडं बघत होत्या. मी पिशवीत चमच्यानं पाणी घालत राहिले, कारण ते काम होतं.

"अन् दुपारी तू कंपनीत."

"हो."

"मंग तुला त्या गड्यानं सांगितलं न्हाय का, तीनदा खातो म्हनून?"

"सांगितलं."

पंपाचा आवाज येत होता. पट्टेवाले नव्या पाहुण्याच्या पिशवीखालून फिरून गेले. आई स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज झाला. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात पोह्यांचा एक जुना चमचा होता.

"ह्यो चमचा वेगळा ठिवते," त्या म्हणाल्या. "ते झिंग्याचं त्यानंच काढंन. दुसरं कशाला लावायचा न्हाय."

पुढचे दिवस मी कंपनीतून आल्यावर काही विचारत नव्हते. नारिंगी मासा वाळला नाही, यावरून कळत होतं. पिशवी मात्र दारामागं तशीच उभी होती.

भाऊजी एका रविवारी आले. जीप दारात, पायाला काळी माती. चहा झाला. त्यांनी पिशवी उचलून दाराबाहेर ठेवली.

"आई, चल. पाऊस यायच्या आत निघू."

आई टाकीसमोर होत्या. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात चमचा, पदर नाकाला गुंडाळलेला, कारण त्यांना अजून त्या वासानं मळमळायचं. "थांब. ह्यांचं दुपारचं व्हायचंय."

"वंदना घालील की."

"ती आज घरी हाय म्हनून. उद्याला?"

"मंग एकदाच घालील. मासेच ते."

"तीनदा खानाऱ्याला एकदा घालून चालत नसतं."

भाऊजींनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. ते खरंच होतं. ते थोडे हसले, थोडे रागावले, आणि दारातल्या पिशवीकडं बघत राहिले. चांगला माणूस. त्यांना आई हवी होती, यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

"आई, म्हंजी तू येनार कधी? मासे हायत तोवर हितंच का?"

"व्हय."

"अन् असा किती जगतो मासा?"

आईंनी चमचा पाण्यात बुडवला. नारिंगी मासा झेपावत वर आला. "मला काय ठाव. इचार हिला."

दोघं माझ्याकडं बघत होते. मी विचारलं, "कुठला मासा?"

"जास्ती जगतो त्यो," आई म्हणाल्या. त्या टाकीकडंच बघत होत्या.

नारिंगी मासा पाचेक वर्षं काढतो. पट्टेवाले नीट सांभाळले तर वीसच्याही पुढं जातात. मी पट्टेवाल्यांचं सांगितलं.